शहराची वेस सरकते तेव्हा

भूगोलाच्या पुस्तकात नागरीकरणाचा धडा असतो आणि त्यात बहुधा एक वाक्य असते: ‘लोकसंख्या वाढली आणि शहराचा विस्तार झाला.’ नकाशावर लहान ठिपक्याच्या जागी मोठा ठिपका येतो. ठिपका मोठा होतो म्हणजे नेमके काय होते, असे वर्गात विचारले, तर विद्यार्थी लगेच सांगतात, ‘रिकाम्या जागेवर घरे होतात.’

या उत्तरातला ‘रिकामी’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. ज्या जागेला आपण रिकामी म्हणतो तेथे कोणी मीठ पिकवत असते, कोणी गवत कापत असते, कोणी माड छेदत असते. अगदी कोणीच नसले तरी भरतीचे आणि पावसाचे पाणी तेथे येऊन विसावत असते. म्हणजे त्या जमिनीला आधीच काहीतरी काम असते. शहर वाढते तेव्हा तिचे जुने काम सुटते आणि नवे सुरू होते. यालाच जमीनवापरातील बदल म्हणतात.

हा बदल कशामुळे होतो? मुंबईच्या उदाहरणावरून आपण तो पाहू. जमिनीला मिळणारा भाव, तेथे पोचण्याची वाट आणि तिच्यावर लागू होणारा कायदा या तीन गोष्टींनी मुंबईतल्या जमिनीचे काम पुन्हा पुन्हा बदलले. मात्र जमिनीची उंची आणि उतार या बदलांनी मिटले नाहीत. त्यांची किंमत कधी आणि कोणाला मोजावी लागली, तेही आपल्याला पाहायचे आहे.

एका शेतकऱ्याचा हिशेब

जर्मनीतील मेक्लेनबुर्ग प्रांतात टेलो येथे योहान हाइनरिश फॉन थ्यूनेन नावाचा एक जमीनदार होता. आपल्या शेतीचे हिशेब तो बारकाईने ठेवी. १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने एक कल्पना मांडली. सपाट, सारख्या कसाच्या प्रदेशात मधोमध एकच शहर आहे असे समजा. मग कोणती वस्तू कोठे पिकेल? दूध आणि भाजीपाला लवकर नासतात, म्हणून त्यांची जागा शहराला लागून. जळाऊ लाकूड जड असते, ते दुरून आणणे परवडत नाही, म्हणून त्यानंतर जंगल. त्यापलीकडे धान्य, आणि सर्वांत दूर गुरांची चराई, कारण गुरे स्वतःच्या पायांनी बाजारात येऊ शकतात. अशी शहराभोवती एकात एक वर्तुळे तयार होतात.

थ्यूनेनच्या काळी त्याच्या प्रदेशात आगगाडी नव्हती आणि त्याच्या कल्पनेतले शहर वाढतही नव्हते. आपण त्याचे शहर वाढवून पाहू. मधले वर्तुळ फुगले की दुधाची जागा घरे घेतात आणि दूध बाहेर सरकते. रस्ता किंवा रूळ आला की वर्तुळाचा आकार बिघडतो आणि ते रुळांच्या बाजूने लांबट होते. मुंबईत नेमके हेच घडले. शिवाय मुंबईची जमीन सपाट नव्हती, आणि बरीचशी तर जमीनही नव्हती.

वाड्या, शेते आणि खाजणे

इंग्रजांनी १६६५ साली ताबा घेतला तेव्हा मुंबई हा कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांचा समूह होता. उंचवट्यांवर वस्ती, त्यालगत माडांच्या आणि फळझाडांच्या वाड्या, सखल भागात भातशेती, आणि बेटांच्या मधोमध खाजणे. कोळी मासेमारी करीत, भंडारी माडी काढीत, कुणबी आणि आगरी भात व मीठ पिकवीत. शीव, वडाळा, शिवडी या बाजूला मिठागरे होती.

हा जमीनवापर आज कागदोपत्री शोधावा लागत नाही, तो नावांत टिकला आहे. गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही बागायतीची नावे आहेत. उमरखाडी हे नाव खाडीची आठवण देते. पायधुणी म्हणजे ओढ्यात पाय धुऊन पुढे जाण्याची जागा. चर्नी रोड हे नाव गुरांच्या चरण्यावरून पडले, असे सांगतात.

वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामध्ये एक खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरे आणि बेटाचा मधला भाग बुडवी. गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकिर्दीत तेथे बांध घालण्यात आला आणि १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला. समुद्र अडला आणि खाजणे हळूहळू वाळू लागली. पुढे त्यांत भरणी करून भायखळा, ताडदेव, कामाठीपुरा या बाजूला वस्ती झाली. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी: बांधाने पाणी अडले, पण आतली जमीन उंच झाली नाही. मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राची पातळी तेथील सखल भागांपेक्षा वर असते. ही गोष्ट आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

धूर वेशीबाहेर

शहराला काही गोष्टी हव्या असतात, पण शेजारी नको असतात. धूर, दुर्गंधी, कचरा आणि कत्तलखाना या त्यांतल्या काही. त्या शहर आपल्या वेशीबाहेर ठेवते.

कावसजी दावर यांची गिरणी १८५६ साली ताडदेव येथे सुरू झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. त्याच दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, म्हणजे जुनी वेस अक्षरशः मोडली. नंतरच्या काळात गिरण्या भराभर वाढल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. त्या परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी या भागांतच का उभ्या राहिल्या? तेथील जमीन सखल आणि म्हणून स्वस्त होती. वाफेच्या बॉयलरला लागणाऱ्या पाण्यासाठी तेथे तलाव होते किंवा खणता येत होते. दोन्ही रेल्वेमार्ग तेथून जात होते. आणि ती जागा तेव्हा शहराबाहेर होती. भाव, वाट आणि वेस या तिन्हींचे उत्तर एकच आले. गिरण्यांभोवती चाळी उठल्या, आणि भातशेतीचे परळ गिरणगाव झाले.

या बदलाची साक्ष देणारी एक वास्तू परळला आहे. पोर्तुगीजांच्या काळात तेथे ख्रिस्ती मठ होता. अठराव्या शतकात ते इंग्रज गव्हर्नरांचे शहराबाहेरचे, मोकळ्या हवेतले निवासस्थान बनले. भोवती धुराडी उभी राहू लागल्यावर ती मोकळी हवा उरली नाही. १८८० च्या दशकात गव्हर्नरांचे बिऱ्हाड मलबार पॉइंटला गेले. प्लेगच्या साथीत त्याच वास्तूत रुग्णालय उघडले, आणि १८९९ साली वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची लस बनवणारी प्रयोगशाळा तेथे आली. हीच आजची हाफकिन संस्था. मठ, राजनिवास, रुग्णालय आणि प्रयोगशाळा अशी चार कामे एकाच जागेने केली.

प्लेगनंतरची मोजणी

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी भागातल्या दाट, अंधाऱ्या घरांत तो प्रथम आढळला. रोग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. दाटी, दमटपणा आणि कोंदट हवा यांना दोष दिला गेला. त्यातून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथील शेते व खाजणे घेऊन आखीव वसाहती वसवल्या. दादरची पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी या त्याच योजनांतल्या.

येथून जमीनवापराच्या इतिहासात एक नवे बळ शिरते. आतापर्यंत मालकाच्या हिशेबाने जमिनीचे काम बदलत होते. आता नकाशावर रेघ ओढून एखादे मंडळ ते बदलू लागले. १९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा अशा प्रकारचा देशातला पहिला कायदा होय. त्याची युक्ती समजून घेण्याजोगी आहे. वेड्यावाकड्या शेतांचे तुकडे एकत्र धरायचे, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या, आणि उरलेली जमीन आखीव प्लॉट पाडून मूळ मालकांना परत द्यायची. प्लॉट आधीपेक्षा लहान, पण रस्त्यावरचा म्हणून किमतीने मोठा. ज्याच्या नावावर शेत होते त्याला हा व्यवहार पुष्कळदा फायद्याचा पडला. जो ते शेत खंडाने कसत होता किंवा तेथे मजुरी करीत होता, त्याच्या हाती मात्र प्लॉट येत नव्हता.

रुळांवरून साष्टीत

मुंबई बेटाच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट. शीव येथील बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता १८४५ साली खुला झाला, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. तरीही बराच काळ साष्टीची बहुतेक गावे भात, मीठ, भाजी आणि गवत यांवरच जगत होती. पहिली विजेची गाडी १९२५ साली व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी निघाली, आणि १९२८ साली चर्चगेट ते बोरिवली हा मार्ग विजेवर आला. अंतर मैलांऐवजी मिनिटांत मोजले जाऊ लागले. स्टेशनापासून पायी जाता येईल एवढ्या टापूत आधी बंगले आणि चाळी आल्या, मग इमारती. मधली शेते काही काळ तशीच राहिली. थ्यूनेनचे वर्तुळ लांबट झाले ते असे.

१९५० साली आणि पुन्हा १९५७ साली महापालिकेची हद्द वाढून दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. जनगणनेचे आकडे फळ्यावर मांडून पाहा. १९५१ साली मुंबई बेटावर सुमारे २३ लाख माणसे होती आणि उपनगरांत सात लाखांहून कमी. १९८१ साली बेटावर सुमारे ३३ लाख झाली. पण २०११ साली बेटाची लोकसंख्या घटून ३१ लाखांवर आली आणि उपनगरांची साडेत्र्याण्णव लाखांवर गेली. शहराचा मध्य काही प्रमाणात रिकामा होऊ लागला होता आणि कडा भरत होत्या.

दुधाची गोष्टही यातच येते. शहरातले म्हशींचे तबेले ही मोठी डोकेदुखी झाली होती. १९४९ साली गोरेगावजवळ तीन हजारांहून अधिक एकर जमिनीवर आरे दुग्धवसाहत सुरू झाली आणि तबेल्यांतल्या म्हशी तेथे नेण्यात आल्या. दूध बाहेरच्या वर्तुळात गेले. पुढे शहर त्या वर्तुळालाही वळसा घालून पलीकडे गेले आणि आरे शहराच्या पोटात आली. २०१९ साली तेथे मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली तेव्हा मोठा वाद झाला. आरे ही कोणाच्या मते जंगल होती, कोणाच्या मते सरकारी मोकळी जमीन, आणि तेथल्या आदिवासी पाड्यांच्या दृष्टीने ते त्यांचे गाव होते. ‘रिकामी जागा’ या शब्दाचा अर्थ बोलणाऱ्यावर कसा अवलंबून असतो, याचे हे अलीकडचे उदाहरण.

खाडीपलीकडे तर सबंध नवे शहरच आखले गेले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाचा कुलाबा या जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबईसाठी निवडल्या गेल्या. त्या भातशेतीच्या, मिठागरांच्या आणि मासेमारीच्या जागा होत्या. भरपाईचा दर शेतीच्या उत्पन्नावर धरायचा, की त्या जागी उद्या उभ्या राहणाऱ्या शहराच्या भावावर? भांडणाचे मूळ येथे होते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना आली. ‘साडेबारा टक्के’ या दोन शब्दांमागे पाच माणसांचे प्राण आहेत, हे नागरिकशास्त्राच्या तासाला सांगायला हरकत नाही.

वेस मध्यावर येते

वेशीबाहेर टाकलेल्या गोष्टी कायम बाहेर राहत नाहीत. धारावीचेच पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कातडी कमावण्याचे कारखाने शहराबाहेर हवेत म्हणून ते माहीमच्या खाडीकाठी, धारावीच्या दलदलीकडे गेले. कुंभारांची वस्तीही तेथे आली. राहणाऱ्यांनीच माती, राडारोडा आणि कचरा टाकून जमीन वर आणली. शंभर वर्षांत शहर उत्तरेकडे इतके पसरले, की धारावी त्याच्या मध्यावर आली. शेजारी मिठीकाठच्या दलदलीत भरणी होऊन वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि दलदलीला सोन्याचा भाव आला. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने धारावीच्या पुनर्विकासातील घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड बाजूची सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन घेण्यास मंजुरी दिली. पूर्वीची कड मध्यावर आली म्हणून तिथली काही माणसे आता नव्या कडेला जायची आहेत, आणि ती कडही पुन्हा खाजणाचीच.

गिरण्यांचेही तसेच झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. संपानंतर कित्येक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. पण त्यांच्या पायाखालची सुमारे सहाशे एकर जमीन आता शहराच्या मध्यावर होती आणि साच्यांपेक्षा जमीनच मोलाची झाली होती. १९९१ च्या नियमाने ढोबळमानाने असे ठरवले, की गिरणीची जमीन विकसित करताना एक तृतीयांश मोकळी जागा म्हणून महापालिकेला, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी, आणि एक तृतीयांश मालकाला. २००१ साली नियम बदलला. ही वाटणी सबंध जमिनीला लागू न होता फक्त आधीच बांधकाम नसलेल्या जमिनीला लागू झाली.

या एका बदलाचा परिणाम गणिताने पाहू. समजा, एक गिरणी ९ हेक्टरांची आहे आणि ६ हेक्टरांवर शेड आहेत. पहिल्या नियमाने शहराला ३ हेक्टर मोकळी जागा आणि ३ हेक्टर घरांसाठी मिळते. दुसऱ्या नियमाने उरलेल्या ३ हेक्टरांचीच वाटणी होते, म्हणजे शहराला १ आणि घरांसाठी १. मालकाकडे ३ ऐवजी ७ हेक्टर राहतात. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम वैध ठरवला. गिरणगावाला मिळू शकली असती अशी मैदाने नकाशावरून गेली. जमिनीचे काम बदलायला नेहमी कुदळच लागते असे नाही, नियमातले चार शब्दही पुरतात.

पाण्याची वाट

आता आपण न बदललेल्या गोष्टीकडे येऊ. पाऊस पडतो त्यातले काही पाणी जमिनीत मुरते, काही तळ्यात थांबते आणि उरलेले नाल्याकडे वाहते. मुंबईच्या जुन्या गटारांचा आराखडा करताना तासाला २५ मि.मी. पाऊस धरला होता, आणि त्यातला निम्माच नाल्यात येईल असे गृहीत होते. बागा, शेते आणि कच्ची अंगणे होती तोवर हे बरोबर होते.

एक हेक्टर जमीन घ्या. २५ मि.मी. पाऊस म्हणजे तिच्यावर २५० घनमीटर पाणी. निम्मे मुरले तर नाल्यात १२५ घनमीटर येते, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेबारा टँकर. आता तीच जमीन सिमेंटने झाकली आणि तासाला ५० मि.मी. पाऊस झाला, तर सगळेच्या सगळे ५०० घनमीटर, म्हणजे ५० टँकर नाल्याकडे येतात. नाला तोच, पाणी चौपट. १९९३ साली तयार झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने नेमकी हीच दुरुस्ती सुचवली होती: तासाला ५० मि.मी. पाऊस धरा आणि सगळे पाणी वाहून येते असे समजा.

ते काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला तो ७४ मि.मी.च्या आसपास होता. एवढ्या पावसाने कोणतेही शहर बुडाले असते, हे खरेच. पण पाणी कोठे सर्वांत उंच चढले आणि कोठे रेंगाळले, हे पाहिले तर जुना नकाशा डोळ्यांपुढे येतो. विहार आणि पवईच्या सांडव्यांपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणाऱ्या मिठी नदीच्या काठी खाजणे आणि तिवरे होती. पूर आला की पाणी तेथे पसरायचे आणि ओहोटीला निघून जायचे. पाणी धरून ठेवणे हेच त्या जमिनीचे काम होते. तेथे विमानतळाची धावपट्टी, वांद्रे-कुर्ला संकुल, कारखाने आणि झोपडवस्त्या आल्या आणि पात्र अरुंद झाले. मुंबई आणि परिसरात शेकडो माणसे दगावली.

२००५ नंतर हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला अशा ठिकाणी पावसाचे पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपगृहे बांधली गेली. त्यांतली पहिली दोन हॉर्नबीच्या बांधाच्या परिसरातच आहेत. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राला आत येऊ न देण्यासाठी जेथे दगड रचले, तेथे आज आतले पाणी बाहेर काढण्यासाठी पंप लावावे लागतात.

वर्गात करून पाहण्याजोगे

हा अभ्यास मुंबईपुरता नाही. आपली शाळा नाशिक, सोलापूर वा चंद्रपूरला असो, किंवा एखाद्या तालुक्याच्या गावी, पुढील चार गोष्टी विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील.

शाळेच्या आसपासच्या दहा जागांची नावे लिहून त्यांतली झाडे, पाणी, पिके आणि धंदे शोधावेत. जवळच्या एखाद्या जमिनीचा जुना सातबारा मिळाला, तर पीकपाहणीत काय लिहिले आहे ते पाहावे आणि ती बिनशेती कधी झाली याची नोंद घ्यावी. गावातल्या वडीलधाऱ्यांना ‘वेस कोठे होती?’ असे विचारावे आणि वेशीबाहेर काय काय होते ते लिहून घ्यावे. आणि पावसाळ्यात पाणी साचते त्या जागा नकाशावर दाखवून, तेथे पूर्वी तळे, ओढा किंवा भातखाचर होते का, ते ताडून पाहावे.

या चार नोंदी एकाच कागदावर आल्या, की शहराच्या वाढीत कोणाच्या हाती काय आले आणि कोणाच्या हातून काय गेले, हे मुलांना आपोआप दिसू लागते. उद्या त्यांच्यातलाच कोणी तलाठी होईल, कोणी अभियंता, कोणी नगरसेवक. एखाद्या भूखंडाच्या कागदावर ‘रिकामी जागा’ असे लिहिण्यापूर्वी तो क्षणभर थांबला आणि ही जमीन आज काय काम करते असे त्याने विचारले, तर भूगोलाच्या तासाला आणखी काय हवे!